पंडिता रमाबाई आणि घरातले शुभवर्तमान

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा मंडळाचा आजवरचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्यासाठी कपाटातील जुनी इतिवृत्ताची पुस्तके मी घरी आणली आणि सलग चार रात्री ती वाचीत बसले. मंडळाचा इतिहास दुसऱ्या पानांवर आपण वाचालच. परंतु वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती इतिहासात कोठे बसेना. म्हणून हा वेगळा लेख लिहीत आहे.

सुरुवातीच्या वर्षांच्या इतिवृत्तांत प्रत्येक सभेच्या आरंभी एक ओळ असे. त्या दिवशी शुभवर्तमानातील कोणता भाग वाचला, कोणी वाचला आणि त्यावर कोण काय बोलले, हे त्या ओळीत असे. पुढे पुढे ती ओळ आखूड होत गेली. मग नुसते “वाचन व प्रार्थना झाली” एवढेच राहिले. अलीकडच्या पुस्तकांत “प्रार्थनेने सभेस सुरुवात झाली” या चार शब्दांपलीकडे काही नाही. त्याच पानांवर शिवणवर्गाचा हिशेब, नाताळच्या फराळाची मागणी, सहलीची वर्गणी आणि भांड्यांची मोजदाद मात्र तपशीलवार आहे. ही कामे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. त्यांतली निम्मी मीच केलेली आहेत. पण कडेच्या गोष्टी वाढता वाढता मधली गोष्ट केव्हा सरकली, हे आपणा कोणालाच कळले नाही.

असे होणे काही नवीन नाही. आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेलेल्या एका थोर बाईंच्या आयुष्यात हे घडले होते. त्यांनी ते स्वतः ओळखले, मोकळेपणाने कबूल केले आणि मग आपले सारे आयुष्य नव्याने मांडले. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे नाव आपण सर्वजणी जाणतो. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा होता. १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीटही निघाले. परंतु समाजसुधारक म्हणून त्यांची जेवढी माहिती आपणास आहे, तेवढी त्यांच्या विश्वासाच्या वाटचालीची नाही. ती वाटचाल येथे थोडक्यात सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आश्रम करून राहत असत. बायकांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ. अनंतशास्त्र्यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थयात्रा करीत देशभर पायी हिंडले. पुढे दुष्काळ आला. आई, वडील आणि थोरली बहीण या तिघांना त्या काळातील उपासमारीने व आजाराने नेले. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले. ही उपासमार रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. ती ध्यानात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या मुलीचे संस्कृतचे ज्ञान पाहून तेथील पंडित थक्क झाले आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या तिला मिळाल्या. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास या बंगाली वकिलांशी विवाह केला. विवाह जातीबाहेरचा होता, म्हणून तो नोंदणी पद्धतीने झाला. सिल्चर येथे संसार चालू असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकाच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. ती कोणी आणून ठेवली होती, हे त्यांना आठवत नव्हते. ती वाचून त्यांचे मन ओढ घेऊ लागले; परंतु पतीला ते रुचले नाही. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी १८८२ सालीच आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणासंबंधी साक्ष दिली. मुलींना शिकवावयास शिक्षिका हव्यात आणि बायकांना औषध देण्यास बायकाच डॉक्टर हव्यात, असे त्यांचे मागणे होते. स्वतः वैद्यकी शिकावी या हेतूने १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. तेथे वाँटेज गावच्या धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या.

या भगिनींची एक शाखा लंडनजवळ फुलहॅम येथे होती. वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तेथे आसरा मिळे. तो आसरा रमाबाईंनी पाहिला आणि त्या चकित झाल्या. अशा बायकांना शिक्षा करणारे पुष्कळ त्यांना ठाऊक होते. जवळ बसवून त्यांची शुश्रूषा करणारे कोणी त्यांनी पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे विचारता भगिनींनी योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय त्यांच्यापुढे ठेवला. विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी बाईची ती गोष्ट. जिच्याशी कोणी बोलू नये, तिच्याशी येशू बोलतो. तिच्याकडे पाणी मागतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटेल की गोष्ट येथे पुरी झाली. बाई ख्रिस्ती झाल्या, आता पुढे कार्य तेवढे सांगावयाचे. पण रमाबाईंच्या मते गोष्ट येथे पुरी झाली नव्हती.

बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्याभोवती सल्ला देणारे फार झाले. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत. बाईने तरुण पुरुषांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळविले. अमुक मत माना, तमुक रीत पाळा, वडील माणसांचे ऐका, असा आग्रह मठातूनही होऊ लागला. रमाबाईंनी नम्रपणे, पण ठामपणे उत्तर दिले की माझ्या सदसद्विवेकाची किल्ली मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही. त्यांनी मांसाहार केला नाही, साडी सोडली नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. त्यावर त्यांनी विचारले की माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन कळत नाही, तर मी ही अक्षरे का मिरवावी? त्या जागी संस्कृत शब्द असावेत. ही गोष्ट वरवर लहान दिसते. परंतु पुढच्या चाळीस वर्षांचे बीज तीत आहे.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहण्यासाठी त्या अमेरिकेस गेल्या. ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ हे इंग्रजी पुस्तक त्यांनी १८८७ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या कार्यास दहा वर्षे मदत करावयाची म्हणून बॉस्टन येथे मंडळी एकत्र आली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. बालविधवांसाठी ही शाळा होती. अण्णासाहेब कर्वे यांच्याशी १८९३ साली ज्यांचा पुनर्विवाह झाला, त्या गोदूबाई म्हणजे आनंदीबाई कर्वे या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत्या.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे, यापरते यश ते काय! कीर्ती होती, पैसा होता, शाळा चालू होती. पण रमाबाईंनी पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहून प्रसिद्ध केली, तीत त्या या दिवसांविषयी वेगळेच सांगतात. बाप्तिस्मा होऊन सुमारे आठ वर्षे झाल्यावर त्यांना कळून चुकले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. मते पटली होती, नीती आवडली होती, सेवा चालू होती, आणि तरी अंतःकरण रिकामेच होते. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचता वाचता हा विचार त्यांच्या मनात बळावला. तो गृहस्थ उपदेशक असूनही स्वतःचे परिवर्तन फार उशिरा झाल्याचे सांगत होता. रमाबाई शुभवर्तमानाकडे परत वळल्या. या खेपेस त्या पंडिता म्हणून वळल्या नाहीत. हाती काही नसलेल्या माणसासारख्या त्या परतल्या आणि तारण हे कमवावयाचे नसून स्वीकारावयाचे आहे, हे त्यांनी मानले.

भगिनींनो, या ठिकाणी मी वाचन थांबवून बराच वेळ बसून राहिले. आपण बहुतेकजणी ख्रिस्ती घरांत जन्मलो. नाव, बाप्तिस्मा, रविवारची उपासना, नाताळ, हे सारे आपल्याला आयते मिळाले. पंडिताबाईंसारख्या बुद्धिमान आणि त्यागी स्त्रीला जर आठ वर्षांनी असे म्हणावे लागले, तर आपण आपणास कधी विचारावयाचे?

मध्यभागी शुभवर्तमान आले म्हणून रमाबाईंचा मार्ग सोपा झाला नाही. उलट तो अवघड झाला. शारदासदनात कोणाच्या धर्मात हात घालावयाचा नाही, असे त्यांनी वचन दिले होते. मुलींना आपापल्या रीतीने राहण्याची, जेवण्याची, पूजा करण्याची मोकळीक होती. परंतु रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह पहाटे प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. शहरात बोभाटा झाला. केसरीने टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली नेल्या. रानडे-भांडारकर रमाबाईंचे हितचिंतक होते. आपल्या शब्दावर विसंबून लोकांनी मुली पाठविल्या आहेत, तेव्हा त्या विश्वासास धक्का लागू नये, ही त्यांची काळजी खोटी म्हणता येणार नाही. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावीत नाही. पण माझ्याच घरात, माझ्याच देवाशी बोलताना दार लावून घेणार नाही. दोन्ही बाजूंस सज्जन माणसे होती. आपल्या शेजारच्या हिंदू व मुसलमान भगिनीही ही स्मरणिका वाचतात, म्हणून हा प्रसंग मी झाकून ठेवीत नाही. विश्वास जपावा आणि शेजारही जपावा, ही तारेवरची कसरत आपल्या वाट्यालाही येतेच. सदनात शिकून, त्याविषयी कृतज्ञ राहून, आपल्याच धर्मात राहिलेल्या स्त्रियाही होत्या, आणि हेही रमाबाईंच्या उघड्या दाराचेच फळ आहे.

आता त्या उपासमारीकडे परत येऊ.

१८९६ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातम्या कानी आल्या आणि रमाबाईंना आपली आई, वडील, बहीण डोळ्यांपुढे दिसू लागली. त्या स्वतः तिकडे गेल्या. अनाथ झालेल्या, दुष्टांच्या हाती पडण्याच्या बेतात असलेल्या मुली त्यांनी पाहिल्या, आणि सुमारे तीनशे मुली आणावयाचे ठरविले. त्या वेळी जवळ त्यांना पुरेल एवढा पैसा नव्हता. त्यातच पुण्यात प्लेग सुरू झाला आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना. तेव्हा पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर केडगाव येथे त्यांनी आधी घेऊन ठेवलेली शेतजमीन होती. तेथे झोपड्या उभारून मुलींना नेले. मुक्तिसदनाची सुरुवात ही अशी झाली. पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी १८९७ साली वर्तमानपत्रातून उघड तक्रार केली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून गप्प बसावे, असे त्यांना वाटले नाही.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार माणसांचे रोजचे जेवण म्हणजे काय, हे आपल्याला सांगावयास नको. मंडळाच्या वार्षिक भोजनाला दीडशे पाने मांडताना आपली कशी धांदल उडते! तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती व फळबाग झाली, गाईगुरे आली. मुली कापड विणीत, शिवण शिवीत, तेल काढीत, टोपल्या करीत, दळण-कांडण करीत आणि लिहावयास-वाचावयास शिकत. बिघडलेल्या म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन निघाले; फुलहॅमचे ऋण असे फेडले गेले. आंधळ्या मुलींसाठी वेगळे सदन झाले आणि मनोरमेने त्यांना बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकविली.

येथे शुभवर्तमान कोठे होते? प्रार्थनेच्या घंटेत होते, हे तर खरेच. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत मोठे संजीवन झाले आणि त्याची वार्ता देशोदेशी गेली. पण रमाबाईंनी त्याला घंटेपुरते ठेवले नाही. दारात कोणाला घ्यावयाचे, हे ठरविताना ते होते. जात, रूप, पूर्वायुष्य, दृष्टी, यांपैकी काहीही दाराशी विचारले गेले नाही. पैशाच्या बाबतीत ते होते. बॉस्टनच्या मंडळींचे दहा वर्षांचे वचन १८९८ साली संपले, आणि मुक्तीचा भार देव चालवील या भरवशावर त्यांनी वाढत्या कुटुंबास ताटे वाढली. हातांच्या कामात ते होते. विणणे आणि दळणे ही हलकी कामे नव्हेत, असे शब्दाने सांगण्याची तेथे गरज पडली नाही, कारण सर्वांच्या हाती कामे होती. स्वतः पंडिताबाई साध्या पांढऱ्या साडीत वावरत.

आणि सर्वांत अधिक ते होते भाषेत. हा भाग आपल्या मंडळास विशेष जवळचा आहे, म्हणून तो विस्ताराने सांगते.

मराठी बायबल त्या काळी होते. परंतु मुक्तीत शिकलेल्या मुलींना ते वाचताना अडे. शब्द जड, वाक्ये परभाषेच्या वळणाची. शिवाय त्यातील पुष्कळ संस्कृत शब्दांना जुने धार्मिक अर्थ चिकटलेले असल्याने भलताच अर्थ मनात येतो, असे रमाबाईंचे मत होते. ज्या बाईने संस्कृतच्या जोरावर कलकत्त्याच्या पंडितांची सभा जिंकली, तिने आता ठरविले की गावच्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत सबंध पवित्र शास्त्र आणावयाचे. त्यासाठी वयाची चाळिशी उलटल्यावर त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या. संसार दोन हजारांचा, कान जवळजवळ गेलेले, आणि तरी वर्षानुवर्षे हे काम चालले. मजकूर लिहून झाला की खिळे जुळविणे, छापणे, बांधणे हे सारे मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच केले. दुष्काळात उचलून आणलेल्या त्या मुली होत्या. ज्या बायकांनी शास्त्र ऐकूही नये असे एके काळी म्हटले जात होते, त्यांनी ते आपल्या हातांनी छापले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. ती आईच्या कामाची वारस व्हावयाची होती. आईने हे दुःख पोटात घालून मुद्रिते तपासणे चालू ठेवले. भाषांतर हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. पूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

शुभवर्तमान लोकांच्या भाषेत आणण्याचा हा आपल्याकडील पहिलाच प्रयत्न होता असे नाही. १६१६ साली गोव्यात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, तेही मराठी ओवीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पूर्वीप्रमाणे पुराण ऐकावयास हवे होते. त्यांच्या ओढीतून तो ग्रंथ झाला. जन्माने इंग्रज असलेल्या त्या पाद्र्याला आपल्या ओवीची गोडी कळली होती. पुढे १६८४ साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला, तरी ग्रंथाची हस्तलिखिते लोकांनी जपून ठेवली.

तसेच लक्ष्मीबाई टिळकांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यापिशा झाल्या होत्या. काही वर्षांनी त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीजवळ राहावयास आल्या, त्या आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. कोणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. माणसामाणसांत हा भेद देवाने केलेला नव्हे, असे त्यांचे त्यांना पटले, तेव्हा त्यांचे सोवळे आपोआप गळून पडले, आणि मग त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे शुभवर्तमान त्यांच्या घरात आले ते चुलीच्या वाटेने. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ वाचून आपण हसतो आणि रडतो. परंतु ते पुस्तक घरातल्या बोलीत लिहिलेली एक साक्ष आहे, हे विसरू नये.

या दोघी बायका स्वभावाने किती निराळ्या! एक जन्मभर अभ्यास करणारी, मितभाषी. दुसरी हसरी, गोष्टीवेल्हाळ. पण दोघींच्या बाबतीत एक गोष्ट सारखीच दिसते. शुभवर्तमान त्यांनी देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखे वर उचलून ठेवले नाही. ते भाषेत आणले, स्वयंपाकघरात आणले, दारात कोण उभे आहे हे पाहताना वापरले. म्हणून ते मध्यभागी राहिले.

मला माझ्या आजीची आठवण होते. ती तांदूळ निवडावयास बसली की मला शेजारी बसवी आणि लूकाचे शुभवर्तमान मोठ्याने वाचावयास लावी. तिला अक्षरओळख बेताची. पण मी एखादे वाक्य गाळले की सुपातला हात थांबे. “गाळलेस ते वाच,” एवढेच ती म्हणे. दोन बहिणींच्या घरी प्रभू आल्याची गोष्ट तिला विशेष आवडे. मार्था पाहुणचारात गुंतली आणि मरिया पायांशी बसून ऐकत राहिली, ही ती गोष्ट. एकदा मी आजीला विचारले, “मग मार्थाने काय स्वयंपाक करावयाचा नाही?” आजी म्हणाली, “करावयाचा गं. पण पाहुणा कोण आला आहे, हे विसरून नाही करावयाचा.”

आपल्या मंडळाचे मला हेच वाटते. शिवणवर्ग चालू द्या, फराळ होऊ द्या, आजारी भगिनींच्या घरी डबे जाऊ द्या. केडगावास काय कमी कामे होती? तेथे तर आपल्या शेकडो पट कामे होती. काम फार म्हणून वाचन मागे पडले, हे आपले कारण पंडिताबाईंपुढे टिकणार नाही. खरे कारण असे की वाचन आपल्याला ठाऊक आहे असे आपण धरून चाललो. ठाऊक असलेल्या गोष्टीकडे लक्ष जात नाही. त्यांनाही ते आठ वर्षे ठाऊकच होते.

म्हणून या वर्धापनदिनी मंडळापुढे माझी एक लहानशी सूचना आहे. लूकाच्या शुभवर्तमानाचे चोवीस अध्याय आहेत. दर शनिवारच्या सभेत हिशेबाची वही उघडण्यापूर्वी एक अध्याय वाचावा. वाचणारी दर खेपेस निराळी असावी. जिला वाचताना अडखळावयास होते, तिलाही पाळी द्यावी आणि कोणी हसू नये. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा : आज ऐकलेल्या गोष्टीमुळे या आठवड्यात माझ्या घरात, माझ्या शेजारात काय निराळे व्हावयास हवे? रुसलेल्या जावेशी बोलावयाचे असेल, कामवाल्या बाईचा पगार वेळेवर द्यावयाचा असेल, किंवा आपल्याच वस्तीतल्या जिच्याकडे कोणी जात नाही तिच्या घरी चहाला जावयाचे असेल. उत्तर मोठे असण्याची गरज नाही. इतर धर्मांच्या शेजारणींना बसावयाचे असेल तर दार उघडे असावे. आग्रह मात्र कोणास नसावा.

आणि इतिवृत्तात पूर्वीप्रमाणे ती ओळ पुन्हा लिहावी : कोणता अध्याय वाचला, कोणी वाचला, कोण काय बोलले. चोवीस शनिवार म्हणजे सहा महिने. पुढच्या वर्षी स्मरणिकेचे काम जिच्याकडे येईल, तिला ती चोवीस पाने वाचावयास मिळोत, एवढीच माझी इच्छा आहे. पहिल्या शनिवारी पहिला अध्याय वाचण्यास माझे नाव लिहून घ्यावे.